चामखीळ आणि शरीराचे पहारेकरी

आपल्या वर्गातील मुलांचे हात पाहिले, तर एखाद्याच्या तरी बोटावर खरखरीत, लहानशी चामखीळ आढळते. कोणी तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधावयास सांगतो, कोणी चुना, तर कोणी रुईचा चीक लावावयास सांगतो. बदनावरसारख्या माळव्यातील गावी राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हे उपाय अपरिचित नाहीत. काही महिन्यांनी चामखीळ जाते आणि उपायाला यश आले असे वाटते. परंतु हे यश खरोखर कोणाचे, याचा आपण विचार करू या.

चामखीळ एका विषाणूमुळे होते. १९०७ साली इटलीतील वैद्य चुफो यांनी चामखिळीचा अर्क, जीवाणू अडकून राहतील अशा गाळणीतून गाळला. त्या गाळलेल्या अर्कानेही चामखीळ उत्पन्न झाली! अर्थात, तिचे कारण जीवाणूंहूनही सूक्ष्म होते. या मानवी पॅपिलोमा विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत.

खरचटलेल्या त्वचेतून हा विषाणू शिरतो व बाह्यत्वचेच्या पेशींतच दडून राहतो. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडून दाहही माजवीत नाही. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे श्वेतपेशींना, त्याची चाहूल उशिरा लागते. ती लागली, की टी-पेशी नावाच्या श्वेतपेशी तेथे जमून विषाणूग्रस्त पेशींचा नाश करतात. यामुळेच पुष्कळदा अनेक चामखिळी एकदमच नाहीशा होतात. सुमारे दोनतृतीयांश मुलांच्या चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. याउलट, मूत्रपिंडाच्या रोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांना त्या पुष्कळ व चिवट येतात. यावरून खरा वैद्य कोण, हे सहज ध्यानी येते.

तेव्हा पात्याने चामखीळ कापू नये, नखाने खुडू नये. त्याने ती पसरते. रुईचा चीक त्वचा भाजतो व डोळ्यांस अपाय करतो. चामखीळ चेहऱ्यावर असेल, दुखत असेल वा रक्त येत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे.

याच विषाणूचे काही निराळे प्रकार स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग उत्पन्न करतात. तो शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रकारांविरुद्ध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. ती हातावरच्या चामखिळीसाठी नव्हे. परंतु शत्रूची ओळख पहारेकऱ्यांना आधीच करून द्यावी, हेच तिचे तत्त्व आहे. बोटावरच्या क्षुद्र चामखिळीच्या अभ्यासातून एवढे मोठे ज्ञान हाती येते, हे आपण विद्यार्थ्यांनी विसरू नये.