संघटनेचे संकेतस्थळ आणि पर्यायनामांचे महत्त्व

पावसाळ्यात लोणावळ्यास आलेल्या प्रवाशास पोटाची तक्रार जाणवली, अथवा आंदर मावळातील एखाद्या गृहस्थास आईसाठी जवळचा वैद्य हवा असला, तर तो आज प्रथम मोबाईलवर शोध घेतो. त्या शोधात नोंदणीकृत वैद्याचे नाव न आल्यास ती जागा रिकामी राहत नाही. हमखास गुणाची ग्वाही देणारी जाहिरात तेथे येऊन बसते. म्हणूनच व्यावसायिक संघटनेच्या संकेतस्थळाची पुनर्रचना हा सजावटीचा नव्हे, तर रुग्णहिताचा विषय आहे, असे आम्ही मानतो.

शोधयंत्र पानांवरील मजकूर आधीच वाचून त्याची सूची करून ठेवते आणि विचारलेल्या शब्दांना अनुरूप पाने क्रमाने मांडते. जे वाचता येत नाही, ते सूचीत जात नाही. यावरून पुढील सूत्रे निघतात.

१. लिपी : युनिकोडपूर्व टंकांत केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी यंत्रास तो निरर्थक रोमन अक्षरांचा समूह वाटतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे व रफार तपासून घ्यावेत. सभासदांची यादी छायाचित्राच्या रूपात टाकलेली असल्यास ती नव्याने टंकित करावी.

२. पर्यायनामे : आपल्या निघंटूकारांनी एकेका द्रव्याची अनेक नावे नोंदविली, कारण प्रदेशपरत्वे व गुणपरत्वे नाव बदलते. शोधाचेही तसेच आहे. आपण ‘गुडूची’ लिहितो; रुग्ण ‘गुळवेल’ किंवा ‘गिलोय’ असे शोधतो. गावांच्या नावांतही हा भेद आहे. कोणी ‘लोणावळा’ लिहितो, कोणी ‘लोणावळे’; रोमन लिपीत तर मावळ व वडगाव या दोन्ही नावांतील ‘व’ दोन प्रकारे लिहिला जातो. ही प्रचलित रूपे वाक्यांत स्वाभाविकपणे यावीत. पानाच्या अंतर्भागात शब्दांची यादी लपविण्याचा लाभ नाही. अशा यादीचा क्रम ठरविताना विचार होत नाही, हे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे.

३. एका विषयास एक पान : सर्व सभासद एका लांबलचक यादीत न कोंबता लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव दाभाडे, पवनानगर अशी स्थानवार पाने करावीत. प्रत्येक पानास स्वतंत्र शीर्षक असावे. ‘मुख्यपृष्ठ’ या शीर्षकातून कोणालाच बोध होत नाही. ‘कामशेत येथील नोंदणीकृत आयुर्वेद चिकित्सक’ यातून होतो. औषधालयांच्या मालकांनी गूगलवरील आपली व्यवसायनोंद स्वतः करावी. ती विनामूल्य आहे. तेथील नाव, पत्ता व वेळ संघटनेच्या पानाशी तंतोतंत जुळावी.

४. जुने पत्ते : पुनर्रचनेत पानांचे पत्ते बदलतात. इतर संस्थांनी दिलेले दुवे जुन्या पत्त्यांकडेच येत राहतात. म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे वळण (तांत्रिक परिभाषेत ‘३०१’) द्यावे. हे न केल्यास अनेक वर्षांत मिळविलेले स्थान गमावण्याची शक्यता असते.

५. मोबाईल : पानांचे मोबाईलवरील रूप प्रमाण मानण्याचे धोरण गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले आणि २०२३ मध्ये ते पूर्णत्वास नेले. डोंगराळ भागात संपर्कजाल क्षीण असते. तेव्हा जड चित्रे टाळून दूरध्वनी क्रमांक व पत्ता प्रथम दिसेल अशी मांडणी करावी.

६. विश्वासार्हता : आरोग्यविषयक मजकुराबाबत शोधयंत्रे अधिक काटेकोर असतात. लेखाखाली लेखकाचे नाव, पदवी, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील नोंदणी आणि मजकूर सुधारल्याचा दिनांक द्यावा. ‘मधुमेह कायमचा बरा’ यांसारखी शब्दरचना वरचे स्थान मिळवून देईल, असा मोह होतो. परंतु १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, स्थौल्य आदी व्याधी समाविष्ट असून, त्यांवरील औषधांच्या अशा जाहिरातींस मनाई आहे. संघटनेच्या पानावर एका सभासदाने केलेला असा दावा सर्वांच्या प्रतिष्ठेस बाधक ठरतो.

या संदर्भात आपल्याच परिसरातील उदाहरण मननीय आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगविषयक प्रयोग अभ्यासकांपुढे ठेवले. कीर्ती टिकते ती पडताळता येणाऱ्या लेखनाने. माध्यम बदलले, तरी हा नियम बदललेला नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा : प्रथम लिपी, नंतर सभासदांची अचूक माहिती, त्यानंतर स्थानवार पाने व जुन्या पत्त्यांची वळणे, आणि शेवटी रंगसंगती. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनाद्वारे लोक कोणते शब्द वापरून आपल्यापर्यंत पोहोचतात, हे दरमहा पाहावे. परिणाम दिसण्यास काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. तोवर धीर धरावा. सभासदांनी आपला पत्ता, वेळ व नोंदणी यांत झालेला बदल वेळीच कळविणे, हे या सर्वांत मोलाचे साहाय्य होय. वैद्य शोधत आलेल्या रुग्णास बंद दारापाशी नेणारी माहिती, माहिती नसण्यापेक्षाही अहितकारक असते.