बोलण्याआधीचे मन : नागापूरच्या एका तरुण पर्यवेक्षकास पत्र

चिरंजीव भाच्यास अनेक आशीर्वाद.

विशेष लिहिण्यास कारण असे की, कारखान्यात आणि घरी आपले म्हणणे कोणाला नीट कळत नाही, आणि कधी कधी आपल्या मनात नेमके काय आहे याचा आपल्यालाच पत्ता लागत नाही, अशी जी तक्रार मागील पत्रात आली होती, तिचे हे दोन भाग वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. कारण पहिली अडचण बहुधा दुसरीतूनच उद्भवते. मनाची स्पष्टता म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ध्यानाला बसलेला माणूस येतो. या पत्रापुरता तिचा अर्थ त्याहून बराच साधा घ्यावा : आपण प्रत्यक्ष काय पाहिले, त्यावरून काय अनुमान केले आणि बोलून काय साधायचे आहे, या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू न देण्याची मनाला लागलेली सवय.

पहिल्या दोन गोष्टींतील भेद भारतीय न्यायशास्त्राने फार पूर्वी केला आहे. इंद्रियांनी जे थेट जाणले ते प्रत्यक्ष, आणि त्याच्या आधाराने जे न पाहिलेले ठरवले ते अनुमान; ही दोन्ही प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधने, असली तरी त्यांची जात एक नाही. अहिल्यानगरच्या उत्तरेस मनमाड रस्त्यालगत असलेले नागापूर आज गाव म्हणून कमी आणि एमआयडीसी म्हणून अधिक ओळखले जाते, आणि तेथील कोणत्याही यंत्रशाळेत पाळी बदलताना जी नोंदवही एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, तिच्यात हा भेद रोज पाळला किंवा मोडला जातो. ‘स्पिंडलचे बेअरिंग दोन तासांनी तापते, त्यानंतर जॉबचे माप हलू लागते’ ही नोंद प्रत्यक्षाची आहे; ‘दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर लक्ष देत नाही’ हे अनुमान आहे, आणि तेही राग मिसळलेले. पहिली नोंद वाचून मेंटेनन्सचा माणूस बेअरिंगकडे जातो, दुसरी वाचून ऑपरेटर भांडायला येतो, आणि बेअरिंग तापतच राहते. अनुमान करूच नये असे नव्हे, कारण त्यावाचून पर्यवेक्षकाचे काम एक दिवसही चालणार नाही. मात्र ते अनुमान म्हणूनच लिहावे आणि चुकीचे ठरल्यास मागे घेता येईल अशा बेताने लिहावे.

तिसरी गोष्ट, म्हणजे बोलण्यामागचा हेतू, अधिक अवघड आहे, आणि तिच्याविषयीचा जुना विचार याच जिल्ह्यात मराठीत उतरला. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरील जे भाष्य पूर्ण केले, त्याच्या सतराव्या अध्यायात शरीराचे, वाणीचे आणि मनाचे अशा तीन तपांचे विवेचन येते. वाणीच्या तपाची अपेक्षा अशी की, बोलणे ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारे, खरे, प्रिय आणि हिताचे असावे. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. सहसा ध्यानात येत नाही ती गोष्ट अशी की, गीतेने मौनाची गणना वाणीच्या तपात न करता मनाच्या तपात केली आहे, आणि त्याच्याबरोबरच भावसंशुद्धी, म्हणजे आतल्या हेतूची शुद्धता, ठेवली आहे. तोंड बंद ठेवून मनात वाद घालत राहणारा माणूस या हिशेबाने मौनी ठरत नाही. घरच्या अबोल्याला मौन समजणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे; अबोला हे बोलण्याचेच, आणि बऱ्याचदा फार कठोर बोलण्याचे, रूप असते.

मौनाचा विषय निघाला की नगरकरांना अरणगावजवळचे मेहेराबाद आठवल्यावाचून राहत नाही. पुण्यात १८९४ साली जन्मलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी तेथे मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत, सुमारे साडेत्रेचाळीस वर्षे, ते पाळले. हे मौन वैयक्तिक साधना म्हणून घेतलेले नाही, असे त्यांनी स्वतः स्पष्ट केले होते, त्यामुळे त्याचे अनुकरण करण्याचा उपदेश येथे करायचा नाही. अभ्यासण्याजोगी आहे ती त्या मौनातील व्यवहाराची रीत. प्रारंभी ते लिहून कळवीत. १९२७ च्या आरंभी सहीखेरीज लिहिणेही त्यांनी सोडले, आणि त्यानंतर अक्षरफलक, म्हणजे ज्यावर इंग्रजी मुळाक्षरे आणि अंक रंगवले आहेत अशी फळी, हेच त्यांचे साधन झाले. त्यावरील एकेका अक्षरावर ते बोट ठेवीत आणि जवळचा माणूस ती अक्षरे जुळवून मोठ्याने वाची. १९५५ साली प्रसिद्ध झालेला ‘गॉड स्पीक्स’ हा ग्रंथही मुख्यतः याच मार्गाने सांगितला गेला. ऑक्टोबर १९५४ मध्ये फलकही सुटला आणि पुढे केवळ हातांच्या खुणा उरल्या.

या रीतीतून दोन गोष्टी शिकता येतात, मग मेहेरबाबांच्या आध्यात्मिक दाव्यांविषयी कोणाचे मत काहीही असो. अक्षर जुळवून बोलणाऱ्याचे बोट सरावाने कितीही चपळ झाले तरी त्याला निरर्थक भरीचे शब्द परवडत नाहीत, आणि वाक्य कोठे संपणार हे ठाऊक असल्याशिवाय पहिल्या अक्षरावर बोट ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे : सांगितलेले वाक्य ऐकणाऱ्याच्या तोंडून तेथेच उच्चारले जाई, त्यामुळे त्याने काय घेतले हे सांगणाऱ्याला लगेच कळे. कारखान्यात सूचना दिल्यावर ‘समजले ना?’ असे विचारले तर उत्तर नेहमीच होकारार्थी येते, कारण नाही म्हणण्यात कमीपणा वाटतो. त्याऐवजी ‘आता कोठून सुरुवात करणार?’ असे विचारावे, म्हणजे गैरसमज असल्यास तो माल कापण्याआधीच बाहेर येतो.

तथापि थोडके बोलणे म्हणजे स्पष्ट बोलणे, असाही समज करून घेऊ नये. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून पवनारला वर्षभराचे मौन घेतले होते, आणि त्या काळातच, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी लागू झाली. मौनात असताना त्यांनी महाभारतातील ‘अनुशासनपर्वा’चा जो निर्देश केला, तो सरकारी प्रचाराने आणीबाणीला मिळालेला आशीर्वाद म्हणून देशभर पोचवला. मौन सुटल्यावर, आचार्यांचे ते अनुशासन आणि सत्ताधाऱ्यांचे ते शासन, असा खुलासा विनोबांनी केला. परंतु तोपर्यंत महिने उलटले होते, आणि मूळ निर्देश जितका दूर गेला तितका खुलासा गेला नाही. संदर्भाविना सोडलेला शब्द ऐकणारा आपल्या सोयीने भरून घेतो, आणि इतक्या सावध विचारवंताच्या बाबतीत जे घडले ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकाक्षरी उत्तर टाकणाऱ्याच्या बाबतीत रोज घडत असल्यास नवल नाही. वरिष्ठाने रजेच्या अर्जावर नुसता अंगठा पाठवला, तर मंजुरी मिळाली की केवळ पोच मिळाली, हे अर्जदाराने कसे ठरवावे?

मनातला गुंता सोडवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणून लेखनाकडे पाहावे, आणि त्याचेही उदाहरण नागापूरपासून काही मैलांवरच्या भुईकोट किल्ल्यात सापडते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना तेथे स्थानबद्ध करण्यात आले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेच १९४४ साली लिहिला, हे शाळेतील मुलांनाही माहीत असते. त्याच भिंतींच्या आत मौलाना अबुल कलाम आझाद आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत पत्रे लिहीत होते. ती टपालात पडणार नाहीत हे लिहिणाऱ्याला माहीत होते. पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती ग्रंथरूपाने आली. त्यांत चहाविषयी लिहिले आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी लिहिले आहे, संगीताविषयी लिहिले आहे. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नीचे दूर कलकत्त्याला निधन झाले, आणि त्या प्रसंगी लिहिलेले पत्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे आहे. आजाराच्या बातम्या येऊ लागल्यानंतरही आपला दिनक्रम तसूभर ढळू द्यायचा नाही, जेवणाची वेळ चुकवायची नाही, वर्तमानपत्र आले तरी उतावीळपणे उचलायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. आणि मग पत्रात त्यांनी स्वतःच नोंदवले की, ही बाहेरची स्थिरता बऱ्याच अंशी दिखाऊ होती आणि तिच्यामागे आपल्या मनाचा अहंकार होता.

हे कबूल करणे सोपे नव्हते. दुःख झाले असे लिहिणारे पुष्कळ असतात, धीर धरला असे लिहिणारे त्याहून पुष्कळ. आपला धीर हाही काही प्रमाणात अभिनय होता, असे स्वतःबद्दल लिहिणारा विरळा. ज्या पत्रावर उत्तर येणार नाही, ज्याने कोणावर छाप पडणार नाही, ते लिहितानाच बहुधा इतका प्रामाणिकपणा शक्य होतो. म्हणून ज्या गोष्टीवरून सहकाऱ्याशी किंवा घरच्यांशी बिनसले असेल, तिच्याविषयी आधी एक न पाठवायचे पत्र लिहावे. पहिल्या पानावर तक्रार उतरेल, दुसऱ्यावर ती पुन्हा उतरेल, आणि कोठेतरी तिसऱ्या पानावर खरे कारण सापडेल. ते पगाराचे नसून मानाचे आहे, किंवा समोरच्याविषयीचे नसून वर्षापूर्वीच्या दुसऱ्याच कोणाविषयीचे आहे, असे लक्षात येईल. मोबाइलवर टंकलेला मजकूर या कामी चालत नाही, कारण पाठवण्याचे बटण अंगठ्याखालीच असते.

एक सावधगिरी मात्र पाळावी. मन स्पष्ट झाले म्हणून ते सगळ्यांपुढे उघडे करण्याचा अधिकार मिळत नाही. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीला १९०० साली जन्मलेले आचार्य आनंदऋषी ज्या जैन परंपरेचे होते, तिच्यात भाषासमिती, म्हणजे विचारपूर्वक आणि निर्दोष बोलणे, आणि वचनगुप्ती, म्हणजे वाणीचा निग्रह, या दोन वेगळ्या शिस्ती मानल्या आहेत. ‘मी तोंडावर बोलतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांना यांपैकी एकही साधलेली नसते. कोणत्या ऑपरेटरविषयी आपले मत काय, हे स्वतःला पक्के कळणे ही एक गोष्ट. ते पाळी सुटताना दहा जणांसमोर ऐकवणे ही दुसरी, आणि तिची बहुतेक वेळा काही गरज नसते.

तेव्हा येत्या आठवड्यात नोंदवहीत लिहिताना पाहिलेले एका ओळीत आणि वाटलेले दुसऱ्या ओळीत ठेवून पाहावे, आणि वडिलांशी नोकरी बदलण्यावरून जो वाद चालू आहे, त्याविषयी वर सांगितलेले न पाठवायचे पत्र एकदा लिहावे. या पत्राचे उत्तर फोनवर न देता कागदावर लिहून पाठवावे. महिना लागला तरी हरकत नाही. कळावे, आशीर्वाद.