हिमाचे थर आणि उतारावरील धोका

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस जो कडक हिवाळा असतो, त्याला तेथील लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात. पश्चिमेकडून येणारे वादळी वारे या दिवसांत पीरपंजालच्या रांगेवर हिमवर्षाव करतात आणि गुलमर्गची कुरणे त्याखाली झाकून जातात. पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेली स्नो-स्कूटर अशा भुसभुशीत हिमावरूनही धावू शकते. ताजे हिम अतिशय हलके असते. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम भरते, तर तेवढ्याच कोरड्या ताज्या हिमाचे वजन पुष्कळदा १०० किलोग्रॅमही भरत नाही. परंतु पृष्ठभागाच्या या मऊपणावरून आतील स्थितीची कल्पना येत नाही.

हिवाळ्यातील हिम थराथरांनी साचते. जमिनीलगतच्या हिमाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. निरभ्र रात्री पृष्ठभाग मात्र फार थंड होतो. थर पातळ असेल, तर थोड्याच अंतरात तापमानात मोठा फरक पडतो. त्यामुळे खालच्या कणांतून निघालेली वाफ वर जाऊन गोठते आणि साखरेसारखे सुटे, कोनदार स्फटिक तयार होतात. त्यांची एकमेकांवरील पकड दुर्बळ असते. पुढे वाऱ्याने आणलेले हिम त्यांच्यावर घट्ट फळीसारखे बसते. सुमारे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर अशा फळीला भार सहन झाला नाही, की ती तुटून निसटते. हाच हिमलोट होय. स्वाराचा व दोन-अडीचशे किलोग्रॅम वजनाच्या वाहनाचा भार त्यास पुरेसा ठरू शकतो.

म्हणून निरीक्षक सुरक्षित जागी, पण धोक्याच्या उताराच्याच दिशेला तोंड असलेल्या हिमात खड्डा खणतो. दर दहा सेंटिमीटरवर तो तापमान नोंदवितो. एखाद्या थरात मूठ शिरते, की चार बोटे, एक बोट, पेन्सिल, अथवा केवळ सुरीचे टोक, यावरून त्या थराचा कठीणपणा ठरतो. कठीण थराखाली मूठ सहज शिरू लागली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होणे किंवा हिमात लांब भेग धावणे, ही त्याहूनही स्पष्ट चिन्हे होत.

भारतात या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०२० साली ती संरक्षण संशोधन विभागाच्या नव्या संस्थेत विलीन करण्यात आली. हिमलोटांचे इशारे जिल्हावार दिले जातात. समोरच्या एका उताराचा निर्णय मात्र जागेवरच घ्यावा लागतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळील खिलनमर्ग येथे कोसळलेल्या हिमलोटात प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक मृत्यू पावले. हिमाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या बचावाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. वाहन माणसाला काही क्षणांत उतारावर नेऊन सोडते. म्हणूनच तो उतार चढण्याजोगा आहे की नाही, याचा निर्णय यंत्र सुरू करण्यापूर्वीच झाला पाहिजे.