कृश किशोर आणि मधुमेह

किशोरवयातील स्थूलता मधुमेहाला निमंत्रण देते, हे सर्वमान्य आहे. पोटाभोवती साचलेली चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते व रक्तशर्करा वाढते. परंतु कृश मुले निर्धोक असतात, हा समज पुण्यानजीकच्या सहा गावांनी खोटा ठरविला. तेथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. जन्मलेली बालके वजनाने कमी, स्नायूंनी दुबळी. चरबी मात्र शाबूत! वयाच्या १८ व्या वर्षी यांपैकी ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुलींची रक्तशर्करा वाजवीपेक्षा अधिक आढळली. वस्तुतः ही मुले बहुतांशी सडपातळच होती. शालेय तपासणीत उंची-वजनाबरोबर कमरेचा घेर व जन्मवजन नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे. जन्मवजन माता व बाल संरक्षण कार्डावर मिळू शकते.