दान, ऋण आणि विश्वस्तवृत्ती : मराठी विचारगद्यातील धनिकाच्या कर्तव्याची मीमांसा

१.
अतिश्रीमंत व्यक्ती समाजाचे काही देणे लागते काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वा नीतिशास्त्राच्या कक्षेतला आहे असे सामान्यतः मानले जाते. मराठी साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे याला कारण असे की, हे कर्तव्य ज्या शब्दात मांडले जाते तो शब्दच बहुधा त्याचे स्वरूप ठरवतो. 'दान' म्हटले की दात्याचे औदार्य पुढे येते. 'ऋण' म्हटले की घेणेकऱ्याचा हक्क पुढे येतो. 'विश्वस्त' म्हटले की मालकी आणि उपभोग यांची फारकत सूचित होते. 'समाजाचे देणे' हा वाक्प्रचार आपण भाषणांतून सैलपणे वापरतो, परंतु त्यातील 'देणे' हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. प्रस्तुत लेखात लोकहितवादी, महात्मा फुले आणि विनोबा भावे यांच्या विचारांच्या आधारे या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

२.
या विचाराची पार्श्वभूमी संतपरंपरेत शोधावी लागते. तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हा महिपतींच्या चरित्रकथनातून रूढ झालेला प्रसंग सर्वपरिचित आहे. त्यातील एक तपशील मात्र सहसा दुर्लक्षिला जातो. तुकारामांनी खतांची वाटणी केली, निम्मी खते धाकटे बंधू कान्होबा यांच्या स्वाधीन केली आणि केवळ आपल्या वाट्याची खते नदीत सोडली. कथनाच्या दृष्टीने हा वैराग्याचा प्रसंग आहे. ऋणकोची सुटका हे त्याचे फळ असले तरी तो त्याचा मुख्य हेतू नाही. म्हणूनच कान्होबांनी आपली खते राखून ठेवली, याबद्दल चरित्रपरंपरा त्यांना दोषी धरीत नाही. धनत्याग हे येथे साधकाचे कर्तव्य ठरते. धनिकावर धनिक म्हणून काही बंधन आहे, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

३.
हे बंधन सामाजिक भाषेत मांडण्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील गद्याने केला. 'प्रभाकर' साप्ताहिकातून १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झालेल्या शतपत्रांत लोकहितवादींनी दानाच्या रूढ कल्पनेवर कठोर टीका केली. पेशवाईत पुण्यात दक्षिणेच्या रूपाने मोठ्या रकमा वाटल्या जात, आणि त्या परंपरेची छाया समाजमनावर कायम होती. ब्राह्मणभोजने आणि दक्षिणा यांवर होणारा खर्च आळसाला उत्तेजन देतो. तो पैसा विद्या, ग्रंथ आणि उपयुक्त कला यांकडे वळला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दक्षिणानिधीचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीसाठी वापरावा, म्हणून पुण्यातील सुधारकांनी १८४९ मध्ये केलेला अर्ज याच विचाराचा व्यावहारिक आविष्कार होय. मुंबईत मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा देणारे जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) हे या नव्या दातृत्वाचे ठळक उदाहरण म्हणता येईल.

या परिवर्तनाचे मोल मोठे आहे. परंतु त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. येथे दानाचे पात्र बदलले, दानाची संकल्पना बदलली नाही. धन कोठे जावे, हा प्रश्न विचारला गेला. ते कोठून आले, हा प्रश्न मागेच राहिला.

४.
तो प्रश्न पुढे आणला जोतीराव फुले यांनी. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कोणकोणत्या वाटांनी त्याच्या हातून निसटतो, याचा फुले जणू हिशेबच मांडतात. जन्मापासून मरणापर्यंतचे धर्मविधी, सावकाराचे व्याज, कोर्टकचेऱ्यांचा खर्च, शेतसारा, लोकलफंड अशी ही खर्चाची बाजू आहे; आणि जमेच्या बाजूस शेतकऱ्याच्या मुलांसाठी शाळासुद्धा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनातही त्यांचा युक्तिवाद हाच होता : सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि त्याचा लाभ मात्र उच्चवर्गीयांच्या शिक्षणाला होतो. फुले यांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती. पैशाचा प्रवास नेमका दाखविण्याची त्यांची क्षमता या अनुभवाशी जोडून पाहता येईल.

या मांडणीमुळे कर्तव्याचे स्वरूप पालटते. रयतेच्या मुलांना शिक्षण देणे हे उपकारक कृत्य राहत नाही, ती थकलेल्या रकमेची परतफेड ठरते. घेणारा याचक न राहता घेणेकरी होतो. अर्थात फुले यांचा रोख प्रामुख्याने पुरोहितवर्ग, नोकरशाही आणि सरकार यांच्यावर होता. आजच्या उद्योगपतीला तो युक्तिवाद लावणे हा आपण केलेला विस्तार आहे, हे मान्य केले पाहिजे. संपत्ती कौशल्यातून, काटकसरीतून आणि जोखीम पत्करण्यातूनही निर्माण होते, असा आक्षेपही येथे घेता येईल. तो रास्त आहे. परंतु सर्वच संपत्ती लुबाडलेली असते, असे मानल्यावाचून फुले यांचा युक्तिवाद उभा राहू शकतो. संपत्तीच्या निर्मितीत इतरांचा जो वाटा चुकता झालेला नाही त्याचा हिशेब द्यावा, एवढीच त्याची किमान मागणी आहे.

५.
विसाव्या शतकात याच प्रश्नाला विश्वस्ततेच्या संकल्पनेने वेगळे वळण दिले. गीतेतील अपरिग्रह आणि इंग्रजी कायद्याचा अभ्यास यांतून 'ट्रस्टी' या शब्दाचा अर्थ आपणांस उलगडला, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. विनोबांनी १९५१ मध्ये पोचमपल्ली येथे भूदानाचा आणि १९५२ मध्ये संपत्तिदानाचा आरंभ केला. दान म्हणजे सम्यक् विभाजन, हा शंकराचार्यांचा अर्थ त्यांनी पुनरुज्जीवित केला आणि दरिद्रनारायणाला घरातला सहावा मुलगा मानून सहावा हिस्सा मागितला. या रूपकाचे सामर्थ्य मराठी वाचकास सहज जाणवेल. मुलाला मिळतो तो वाटा. त्याला कोणी भीक म्हणत नाही. 'दान' हाच शब्द कायम ठेवून विनोबांनी त्यात हक्काचा आशय भरला.

तथापि हा सहावा मुलगा वाटणीचा दावा कोठे लावणार? कायद्यातील विश्वस्ताला हिशेब सादर करावा लागतो. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने त्यासाठी धर्मादाय आयुक्ताची यंत्रणा उभी केली. गांधी-विनोबांच्या विश्वस्ततेत शब्द कायद्याचा आहे, पण लाभार्थ्याला जाब विचारण्याचे स्थान नाही; सर्व भिस्त धनिकाच्या हृदयपरिवर्तनावर आहे. काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी विश्वस्ततेच्या कल्पनेवर कठोर टीका केली. तिचा रोख ध्यानात घेतल्यावाचून या संकल्पनेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

६.
या चर्चेचे आजचे प्रयोजन स्पष्ट आहे. मृताच्या मालमत्तेवरील १९५३ चा कर १९८५ मध्ये आणि १९५७ चा संपत्तिकर २०१५ मध्ये रद्द झाला. दुसरीकडे कंपनी अधिनियम, २०१३ नुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी राखावी लागते. हे बंधन कंपनीवर आहे, धनिक व्यक्तीवर नाही. शिवाय कायद्याने ठरवून दिलेल्या विषयांपैकी कोणता निवडावयाचा, हे कंपनीच ठरवते.

या खर्चासाठी मराठीत 'सामाजिक बांधिलकी' हा शब्द रूढ होत आहे. साठोत्तरी समीक्षेत लेखकाला ज्या शब्दाने जाब विचारला जात असे, तोच शब्द आता वार्षिक अहवालांतून देणाऱ्याच्या गौरवासाठी योजला जातो. शब्दाच्या या स्थलांतराची नोंद भाषेच्या अभ्यासकांनीच घ्यावयास हवी.

निष्कर्ष असा की, मराठी विचारगद्यात धनिकाचे कर्तव्य खऱ्या अर्थाने बंधनकारक झाले ते धनाच्या उगमाचा प्रश्न विचारला गेला तेव्हा. लोकहितवादींनी दानाला विवेक दिला, विनोबांनी आत्मीयता दिली. परंतु घेणाऱ्याला उभे राहून हिशेब मागण्याचा अधिकार दिला तो फुले यांनी. आपल्या महाविद्यालयांच्या दर्शनी भागावरील देणगीदारांच्या नामावल्या वाचताना कृतज्ञता अवश्य असावी. मात्र ज्यांच्या श्रमातून ती देणगी शक्य झाली त्यांची नावे कोणत्या फलकावर आहेत, हा प्रश्न वर्गात विचारला गेला तरच 'समाजाचे देणे' हा वाक्प्रचार आपण अर्थासह शिकविला असे म्हणता येईल.