एजंटला अंदाज बांधायला लावू नका

प्रश्न : आमच्या हापूस विक्रीच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडलाय. ऑर्डर नोंदवताना तो पेटी आणि डझन यांत घोळ घालतो. मॉडेल बदलावं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी एजंट ऑर्डर नोंदवायला जे टूल वापरतो, त्याचं वर्णन बदला. एजंटला टूलच्या आतला कोड सहसा दिसत नाही. नाव, वर्णन आणि इनपुटचा तपशील एवढंच त्याच्या हाती येतं. एजंटला टूल जोडण्यासाठी २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख अशीच करून दिली जाते. नुसतं ‘संख्या’ लिहिलंत, तर ती पेट्यांची की डझनांची, आणि पेटी चार डझनांची की सहा, हे त्याने कसं ओळखावं? ‘संख्या डझनात, ग्राहक पेटी म्हणाला तर आकार विचारा’ असं लिहा. हुशार मॉडेलला एवढं कळायला हवं, असं कुणी म्हणेल. पण माहितीच नसेल तर हुशारीही अंदाजच बांधते. आणि ‘४’ हा आकडा पेटी आणि डझन या दोन्ही अर्थांनी चालत असल्याने सॉफ्टवेअर चूक पकडत नाही. नवं मॉडेलही तिथेच अडखळेल.