रात्रपाळी, रात्रीचा शो आणि परतीचा हायवे

प्रश्न : मी टेंभुर्णी एमआयडीसीत कामाला आहे. रात्रपाळीचा आठवडा संपला की मित्रांसोबत सोलापूरला रात्रीचा सिनेमा बघतो आणि मोटारसायकलवरून परततो. झोप आली तर चहा घेतो. बुडालेली झोप सुट्टीला भरून काढतो. आई काळजी करते. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : मित्रांच्या भेटी अजिबात सोडू नका. पाळीत काम करणाऱ्याला त्यांची गरज असतेच. मात्र दोन समज बदला. आठवड्याच्या झोपेची थकबाकी एका दिवसात पूर्ण फिटत नाही. चहानेही झोप फक्त लांबते, शिवाय त्याचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो.

जागरणाच्या परिणामांवर डॉसन आणि रीड या संशोधकांचा अभ्यास १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो, असं त्यात दिसलं. भारतात वाहनचालकासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

तुमचा परतीचा रस्ता ८०-९० किलोमीटरचा, त्यात ऊसहंगामात बिनदिव्यांच्या ट्रॉल्या. म्हणून पाळी संपेल त्या दिवशी बेत नको. एक रात्र नीट झोपा आणि दुपारचा शो गाठा. रात्रीचाच बघायचा असेल, तर सोलापुरात मुक्काम करा किंवा एसटीने या. वाटेत डोळे जड झाले, तर उजेडातल्या ढाब्यावर थांबून १५-२० मिनिटं झोपा.

पुरेशी झोप घेऊनही दिवसा डुलक्या येत असतील किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर चांगले उपचार आहेत.